ट्रेडमिल, साडेचार महिन्यांनंतर : आधी सॉकेटचं अर्थिंग बघा

भोगीच्या सकाळी सव्वासातला ताशी पाचच्या वेगाने चालत असताना आमची ट्रेडमिल एकदम थांबली. हळू होत नाही, सूचना देत नाही, पट्टा जागच्या जागी थांबतो आणि आपण पुढे जातो. समोरचा दांडा धरला म्हणून मी पडले नाही. पडद्यावर नुसता एक ई आणि एक आकडा. बंद करून चालू केली, तीन मिनिटं चालली, परत तेच. स्वयंपाकघरात बाजरीच्या भाकरीचं पीठ मळून ठेवलेलं होतं, तिकडे जायचं सोडून मी अर्धा तास त्या आकड्याकडे बघत बसले होते.

मोटर, वेग, घडी वगैरे माहिती सगळीकडे आहे, ती परत लिहीत नाही. एवढंच सांगते, खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेली हॉर्सपॉवर 'पीक' असते, क्षणभराची. आपल्या कामाची असते ती सतत मिळणारी, आणि ती बारीक अक्षरांत असते. आमची खोक्यावर चार आहे, खरी दोन. दोन माणसांच्या चालण्याला दोन पुष्कळ झाली. साडेएकतीस हजार दिले, दिवाळी संपल्यावर घेतली म्हणून. दिवाळीआधी तीच पस्तीसला होती.

का घेतली ते सांगते. मला सौम्य दमा आहे. बारा महिने काही त्रास नसतो, पण डिसेंबर-जानेवारीत सकाळी बाहेर चालायला गेले की छातीत शिट्टी वाजते. थंड कोरडी हवा तोंडाने भराभर आत घेतली की श्वासनलिकेचा ओलावा उडतो आणि नळ्या आकसतात. लोक म्हणतात, ठाण्यात कसली आलीय थंडी! सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ ला पारा ७.४ अंशांवर गेला होता, तसं आता होत नाही हे मान्य. पण वर्षभर घामात राहणाऱ्या शरीराला १६ अंशही लागतात. त्यात पहाटे थंड हवेचा थर जमिनीलगत बसून राहतो आणि रात्रभराचा धूर, बांधकामाची धूळ त्यातच कोंडते. 'समीर' या हवेचं प्रदूषण दाखवणाऱ्या ॲपवर आकडा दोनशेच्या वर दिसला की बाहेर पडायचं नाही, हे मी दोन वर्षांपूर्वीच ठरवलं. त्याचा परिणाम असा की दर हिवाळ्यात माझं चालणं सुटायचं आणि मार्चमध्ये पहिल्यापासून सुरुवात. गेल्या वर्षी तर तीन महिने काही केलं नाही, जिना चढताना गुडघा बोलायला लागला, साखर काठावर आली. डॉक्टर म्हणाले, थंडीत व्यायाम थांबवणं हाच तुमचा आजार आहे. म्हणून ही ट्रेडमिल.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम हालचाल सांगते. मी कालनिर्णयवर रोज मिनिटं लिहिते. नोव्हेंबर ६४०, डिसेंबर ७१०. कुठल्याच हिवाळ्यात हे मला जमलेलं नव्हतं. पहिली दहा मिनिटं ताशी तीनने, मग हळूहळू पाच. ही दहा मिनिटं थंडीत सोडायची नाहीत, दम्याच्या माणसाने तर नाहीच. नाकाने श्वास, जवळ डॉक्टरांनी दिलेला पंप, आणि पाणी. थंडीत तहान लागत नाही, पण श्वासातून आणि घामातून पाणी जातच असतं.

आता चटक्याबद्दल लिहायला हवं, कारण सगळं तिथून सुरू झालं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून चालून झाल्यावर दांड्याला हात लावला की टच्च. लहानशी ठिणगी, अंधारात दिसेल अशी. पहिल्यांदा हसायला आलं, स्वेटर काढताना होतं तसंच वाटलं. मग रोज. मग चालता चालता वेगाचं बटण दाबायला गेलं तरी. मी बोट पुढे न्यायला घाबरायला लागले. ह्यांनी पायात मोजे बदलून बघितले, मी लोकरीचा स्वेटर काढून सुती सदरा घातला. फरक पडला, पण थोडा. पट्टा फळीवर घासतो, बुटाचा तळ पट्ट्यावर घासतो, त्यातून भार साठतो. पावसाळ्यात हवेतला दमटपणा तो वाहून नेतो. हिवाळ्यात जमिनीकडून कोरडा वारा येतो, मग भार अंगावर साठत राहतो. तीनेक हजार व्होल्टच्या खाली असा चटका माणसाला जाणवतही नाही, म्हणजे जाणवतो तेव्हा केवढा असेल! माणसाला त्याने इजा होत नाही, विजेचं प्रमाण अगदी किरकोळ असतं. पण पडद्यामागच्या सर्किटला तेवढंही पुरतं.

हे सगळं मला आता कळलंय. तेव्हा मी कस्टमर केअरला फोन केला, तर "मॅडम, थंडीत होतं." बस. एवढंच उत्तर. माझा खरा राग त्या तीन शब्दांवर आहे. थंडीत होतं, तर थंडीत काय करायचं ते सांगा ना. माहितीपुस्तिका चव्वेचाळीस पानांची आहे, सहा पानं नुसती स्नायूंना ताण देण्याच्या चित्रांची. तीनपिनी सॉकेट वापरा, एवढं एक वाक्य आहे. सॉकेटमध्ये अर्थिंग, म्हणजे गळलेली वीज जमिनीत नेणारी वायर, खरंच जोडलेली आहे का ते तपासून घ्या, हे कुठेही नाही.

भोगीला बंद पडल्यावर तक्रार नोंदवली. चौथ्या दिवशी तंत्रज्ञ आला. पंचविशीतला मुलगा, नीट बोलणारा. झाकण उघडलं, दहा मिनिटं बघितलं, आणि म्हणाला कंट्रोलर बोर्ड गेलाय, ६,८०० रुपये. वॉरंटी? मोटरला तीन वर्षं, इलेक्ट्रॉनिक भागांना एक. म्हणजे वॉरंटीत बसतं. नाही म्हणाला, विजेच्या चढउताराने बिघडलं तर बसत नाही. चढउतार झाला हे कशावरून? वरून तसा शेरा आलाय. भेटीचे ५९० घेऊन गेला, पावती देऊन. मी त्या मुलाशी फार तोडून बोलले. त्याची चूक होतीच, पण तो शेरा त्याने लिहिलेला नव्हता.

दोन महिन्यांच्या मशीनला सहा हजार आठशे मी देणार नव्हते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार केली. पावती, पहिल्या फोनची तारीख, पडद्याचा फोटो सगळं जोडलं. तिसऱ्या दिवशी कंपनीचाच फोन आला, एकदम गोड आवाजात, की वरिष्ठ इंजिनिअर पाठवतो, पण दहा दिवस लागतील. त्या दिवशी मी इथे एक तारा द्यायच्या तयारीत होते. बरं झालं दिला नाही.

मधल्या दिवसांत चालणं सुटू द्यायचं नव्हतं. मग दुपारी साडेचारला कचराळी तलावावर जायला लागले. आणि इथे माझं मत बदललं. दुपारी ऊन असतं, पहाटेचा थर उठून गेलेला असतो, ॲपवरचा आकडा बहुतेक दिवशी सकाळपेक्षा खाली. छाती एकदाही वाजली नाही. तलावाच्या चक्कर मारण्याच्या वाटेवर दोन ओळखीच्या बायका रोज भेटायला लागल्या, संक्रांतीचा तिळगूळही तिथेच वाटला. ह्यांनाही ओढून नेलं. हे वर्षानुवर्षं माकडटोपी चढवून साडेपाचला तलावपाळीला जातात. ह्यांना रक्तदाबाची गोळी आहे, आणि थंडीत कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, दाब वाढतो, हे डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितलंय. घरच्या यंत्रावर जानेवारीतले सकाळचे आकडे खरोखर चढे होते. तरी ऐकत नव्हते. ऊन असताना चालून बघितल्यावर स्वतःहून म्हणाले, हेच बरं. म्हणजे ज्यांना दुपारी वेळ आहे, त्यांना थंडीपुरती साडेएकतीस हजारांची गरज नाही, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. मी दुपारी शिकवण्या घेते, त्या पंधरा दिवसांत मुलांच्या वेळा पुढे ढकलल्या होत्या. कायमचं ते शक्य नाही. नोकरी करणाऱ्यांना तर नाहीच.

वायरमन काका आले ते ट्रेडमिलसाठी नव्हे, गीझरचं बटण जळलं म्हणून. नौपाड्यातली आमची इमारत १९८३ ची आहे, आतलं वायरिंग बऱ्याच ठिकाणी मूळचं. त्यांना सहज सगळी हकीकत सांगितली. त्यांनी मशीनची पिन लावली, टेस्टर खिशातून काढून लोखंडी खांबाला टेकवला. टेस्टर मंद पेटला! बंद पडलेल्या मशीनच्या खांबाला! मग होल्डरला लावलेला बल्ब घेतला, दोन वायरी सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रलला धरल्या, लख्ख पेटला. फेज आणि वरच्या मोठ्या भोकाला धरल्या, काहीच नाही.

"वहिनी, ह्या सॉकेटला अर्थिंगच नाहीये."

सॉकेट उघडलं तर हिरवी वायर होती, पण दोन इंच. मागे दुमडून चिकटपट्टी लावून ठेवलेली. कधीतरी कुणीतरी सॉकेट बदललं आणि तिसरा पॉइंट तसाच सोडला. बैठकीच्या खोलीत ही जागा मीच निवडली होती, खिडकीजवळ म्हणून.

त्या खांबाचा जोड जमिनीशी नसल्यामुळे चटक्याला जायला वाट नव्हती, तो माझ्या बोटातून पडद्यात जायचा आणि सर्किट गडबडून पट्टा थांबवायचं. आणि चटका सोडा, उद्या मोटरची वायर आतून उघडी पडून खांबाला टेकली असती तर? नातू सुट्टीत येतो तेव्हा त्या खांबांना लोंबकळतो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

काकांनी मुख्य बोर्डापासून नवीन हिरवी वायर ओढली, मीटरच्या खोलीतल्या अर्थिंगशी जोड तपासला, आणि माझ्या हट्टाखातर घरातली बाकीची सगळी सॉकेटंही बल्ब लावून बघितली. फ्रिजचं बरोबर होतं, वॉशिंग मशीनचं सैल. त्याच वेळी वीज गळली की आपोआप बंद होणारा स्विचही बसवून घेतला, आरसीसीबी म्हणतात तो. एकूण ४,१०० रुपये, त्यातले वायरीचे चौदाशे. मशीन चालू केली. चालली. तोच बोर्ड, जो 'गेला' होता. अठ्ठावीस जानेवारीपासून आज मार्चच्या मध्यापर्यंत एकदाही थांबलेली नाही. चटका फेब्रुवारीत दोनदा बसला, तोही अगदी हलका, सिंथेटिक पँट घातली होती तेव्हा.

मी १९१५ वर कळवलं की बिघाडाची तक्रार मागे घेते, सॉकेट माझ्या घरचं होतं. पण ५९० परत हवेत, कारण विजेवर चालणारं मशीन बघायला आलेल्या माणसाने अर्थिंग न बघता बोर्ड गेला असं सांगितलं. वायरमन काकांना दीड मिनिट लागलं. पैसे नऊ दिवसांनी खात्यात आले. वरिष्ठ इंजिनिअर कधीच आला नाही.

बाकीचं थोडक्यात. आवाज खाली जातो. पहिल्या आठवड्यात खालच्या आजींनी विचारलंच. जाड रबरी मॅट टाकल्यावर आणि सातच्या आधी लावायची नाही असं ठरवल्यावर त्यांची तक्रार नाही. घडी घालून उभी करायला दोघं लागतात, जाहिरातीत एकटी मुलगी करते त्यावर जाऊ नका. पट्टा एकदा डावीकडे सरकला होता, मागच्या बोल्टला षटकोनी किल्लीने पाव फेरा दिल्यावर जागेवर आला. एका वेळी पाव फेराच द्या.

तेलाबद्दल मात्र सांगायलाच हवं. पट्ट्याखाली दर महिन्याला साधारण ३० मिलिलिटर सिलिकॉन तेल घालायचं असतं. कंपनीची छोटी बाटली ४५० ला पडते. शेजारून सल्ला आला की खोबरेल घाला, शिलाई मशीनचं घाला. मलाही पैसे वाचवायचे होते, पण बाथरूममधली खोबरेलची बाटली जानेवारीत दगडासारखी थिजलेली रोज दिसते. खोबरेल २४ अंशांच्या आसपास घट्ट होतं, ते पट्ट्याखाली थिजलं तर मोटरवरच भार. शिलाई मशीनचं खनिज तेल पट्ट्याचा थर खराब करतं. सिलिकॉन थंडीत फारसं घट्ट होत नाही. मी शुद्ध सिलिकॉन तेलाची अर्ध्या लिटरची बाटली बाजारातून घेतली, कंपनीच्या दोन बाटल्यांच्या भावात. दीड वर्ष जाईल.

चार तारे देतेय. पाचवा पुस्तिकेत अर्थिंगचं एक वाक्य छापतील तेव्हा. तसं पत्र मी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पाठवलंय, बल्बच्या चाचणीच्या दोन फोटोंसकट. उत्तर आलं की इथे लिहीन. तोवर ज्यांच्या इमारती जुन्या आहेत त्यांनी मशीन मागवायच्या आधी वायरमनला बोलवा आणि ज्या सॉकेटवर ती लावणार आहात तिथे तिसऱ्या भोकात बल्ब पेटतो का ते स्वतः उभं राहून बघा.