न निघालेल्या लंडनवारीचे 9,61,800 रुपये

स्वतःच्या गाडीने लंडनला नेतो असे सांगून पैसे गोळा करणारी मंडळी सध्या मराठवाड्यात जिल्ह्याच्या ठिकाणी बैठका घेत फिरत आहेत, आणि अशाच एका आयोजकाने माझे व माझ्या पत्नीचे मिळून 9,61,800 रुपये बुडवले आहेत. त्याचे नाव येथे लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे आणि वकिलांनी तसे बजावले आहे. मात्र त्याने पैसे कसे काढले, हे लिहायला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

ही हकीकत ऐकताना लोक गालातल्या गालात हसतात, ते मला दिसते, म्हणून आधी एक गोष्ट सांगतो. भारतातून गाडीने लंडनला जाता येते, ही थाप नाही. नेपाळमार्गे तिबेट, तिथून पश्चिम चीनमधील काशगर, मग किर्गिझस्तान, उझबेकिस्तान, कझाकस्तान, रशिया आणि पुढे युरोप, हा मार्ग अनेक भारतीयांनी स्वतःच्या गाडीने पार केलेला आहे. 1957 साली तर लंडनहून कोलकात्याला प्रवासी बस आली होती. आमच्या आयोजकाने छत्रपती संभाजीनगरच्या हॉटेलातील बैठकीत हीच बस पडद्यावर दाखवली, चीन-किर्गिझस्तान सीमेवरील तोरुगार्त खिंडीची उंची 3,752 मीटर सांगितली आणि चीनमध्ये आपला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना चालत नाही, तिथे तात्पुरता चिनी परवाना व नंबरप्लेट घ्यावी लागते आणि अधिकृत वाटाड्या सोबत ठेवावा लागतो, हेही बिनचूक सांगितले. मी परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र चालवतो. बोगस बियाण्याचा विक्रेता दारात उभा राहिला तर दुसऱ्या वाक्याला ओळखतो. पण या माणसाची दहातली नऊ वाक्ये खरी होती आणि ती मी घरी येऊन ताडून पाहिली होती. बैठकीला लातूरचे डॉक्टर दांपत्य होते, बीडचे निवृत्त प्राध्यापक होते. म्हणजे एकटा मीच भोळा होतो, असे कोणी समजू नये. शिवाय ओळख करून दिली होती माझ्या साडूंनी, आणि साडूंवर अविश्वास दाखवण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

रकमा अशा गेल्या. जानेवारी 2025 मधील बैठकीतच नोंदणीचे 51,000 धनादेशाने दिले. फेब्रुवारीत पहिला हप्ता म्हणून 3,00,000 आरटीजीएसने पाठवले. मार्चमध्ये चीनमधील वाटाड्या, परवाना आणि नंबरप्लेट यांचे 1,65,000, आणि त्याच महिन्यात या सर्व रकमेवर त्या वेळच्या 5 टक्के दराने टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने ग्राहकाकडून घेऊन सरकारकडे भरायचा आयकर, म्हणून 25,800. परदेश सहलीच्या पॅकेजवर टीसीएस घ्यावाच लागतो, हे मला ठाऊक होते, त्यामुळे ही मागणी आली तेव्हा माझा विश्वास उलट वाढला: जो माणूस सरकारचा कर आठवणीने मागतो तो पळून कसा जाईल, असे मी पत्नीला म्हणालोसुद्धा. घेतलेला टीसीएस आपल्या पॅनवर 26एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडील आपल्या नावच्या करजमेच्या उताऱ्यात, दिसायला हवा. जानेवारी ते मार्चची रक्कम मे महिन्याच्या अखेरपर्यंत तिथे दिसत नसेल, तर ती सरकारकडे गेलेलीच नाही, असे धरून चालावे आणि पुढचा एक रुपयाही देऊ नये. मी हे पाहिले नाही, कारण 26एएस माझे कर सल्लागार पाहतात आणि तेही विवरणपत्राच्या वेळी पाहतात. किती व्यापारी मे महिन्यात स्वतःचे 26एएस उघडून बसतात, ते मला सांगावे.

मोठी रक्कम गेली ती कार्नेटच्या नावाखाली. गाडी परदेशात तात्पुरती नेताना ती तिथेच विकून जकात बुडवली जाणार नाही, याची हमी देणारे हे पुस्तक असते. त्याच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात, देशात शिरताना एक भाग सीमाशुल्क अधिकारी फाडून घेतो, बाहेर पडताना दुसरा, आणि शिक्के मारलेले स्थळप्रतीचे अर्धुक आपल्याजवळ राहते. त्यासाठी हमी द्यावी लागते आणि सगळे शिक्के व्यवस्थित असतील तर ती परत मिळते. आयोजकाचा हिशेब असा होता: देशामागे 35,000 रुपये, देश 12, म्हणून अनामत 4,20,000, आणि परत आल्यावर संपूर्ण परतफेड. परत मिळणारे पैसे म्हटले की माणसाचा हात सैल होतो, आणि हे त्याला पुरते ठाऊक होते. आता मला कळते की हमीची रक्कम गाडीच्या किमतीवर आणि त्या मार्गावरील जकातीच्या दरांवर ठरते. देशांची संख्या मोजून असा गुणाकार कोणी करत नाही. चीन तर कार्नेटच्या व्यवस्थेत धरलेलाच नाही, आणि त्याने मोजलेल्या 12 देशांपैकी बहुतेक देश पर्यटकाच्या गाडीला ते मागतच नाहीत. कार्नेट काढायचेच असेल तर ते देणाऱ्या मान्यताप्राप्त मोटार-संघटनेकडे स्वतः अर्ज करावा आणि हमी स्वतःच्या बँकेकडून द्यावी. ती कोणा आयोजकाच्या खात्यात जमा करण्याची वस्तूच नाही.

मे महिन्यात मी यातले 2,20,000 भरले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने माझ्या कार्नेटच्या पहिल्या पानाचे छायाचित्र मोबाइलवर पाठवले आणि उरलेले 2,00,000 त्याच दिवशी मागितले, कारण, त्याच्या म्हणण्यानुसार, संध्याकाळपर्यंत हमी पूर्ण झाली नाही तर पुस्तक रद्द होणार होते. पानावर माझे नाव बरोबर होते, चेसिस क्रमांक बरोबर होता, इंजिन क्रमांकही बरोबर होता. रंगाच्या रकान्यात पांढरा लिहिले होते. माझी गाडी राखाडी आहे.

हे मला त्याच वेळी दिसले होते, आणि त्याचाच संताप अजून जात नाही. मी फोन करून विचारले. तो हसून म्हणाला, "काका, तिबेटची धूळ बसली की सगळ्यांच्या गाड्या एकाच रंगाच्या होतात. कारकुनाची चूक आहे, मूळ प्रतीत दुरुस्त करून घेतो." मृग लागून गेलेला, पाऊस पडलेला, दुकानापुढे सोयाबीनच्या बियाण्यासाठी रांग लागलेली, एक शेतकरी उधारीसाठी कानाशी बोलतो आहे, दुसरा पिशवीचे लेबल दाखवतो आहे, अशा गर्दीत मी तो फोन केला होता. प्रमाणित बियाण्याचे लेबल निळे आणि पायाभूत बियाण्याचे पांढरे असते, आणि चुकीच्या रंगाचे लेबल लावलेली पिशवी मी दुकानात उतरवूनसुद्धा घेत नाही. तरीही त्या दिवशी दुपारी बँकेत मुलाला पाठवून मी 2,00,000 आरटीजीएस केले. चेसिस क्रमांक जुळलेला असताना रंगाच्या एका शब्दावरून दीड वर्षाचे स्वप्न मोडावे, असे कोणालाही वाटले नसते. नंतर समजले की तेच पान त्याने सर्वांना पाठवले होते. प्रत्येकाच्या आरसी पुस्तकावरून नाव आणि क्रमांक तेवढे बदलले आणि रंग बदलायचा राहिला. डॉक्टरांची गाडी पांढरीच होती, त्यामुळे त्यांना काही खटकले नाही.

त्याच आरटीजीएसच्या वेळी आणखी एक गोष्ट करता आली असती. एप्रिल 2025 पासून आरटीजीएस व एनईएफटी करताना खाते खरोखर कोणाच्या नावावर आहे, हे आधी पाहण्याची सोय बँकांनी द्यायची आहे. आमच्या शाखेतील कर्मचाऱ्याने ती सोय आहे हे सांगितलेही नाही. खाते सहल संस्थेचे नव्हतेच; शेती अवजारांच्या एका दुकानाचे होते. पावतीवरील जीएसटी क्रमांकही त्याच दुकानाचा होता. तो 15 अंकी-अक्षरी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की मालकाचे नाव फुकट दिसते.

पुढे त्याला निसर्गाने मदत केली. 8 जुलै 2025 रोजी नेपाळ-चीन सीमेवर रसुवागढी येथील मैत्री पूल पुरात वाहून गेला. ही बातमी सगळीकडे आली, आणि ऑगस्टची आमची तारीख पुढे ढकलल्याचा निरोप आला तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्यालाच धीर दिला. काही आठवड्यांनी त्याने मणिपूरमधील मोरे येथून म्यानमारमार्गे जाण्याचा पर्याय सुचवला. फेब्रुवारी 2021 च्या लष्करी उठावापासून म्यानमारची आणि मे 2023 पासून मणिपूरची काय अवस्था आहे, हे रोज बातम्या पाहणाऱ्या माणसाला सांगावे लागत नाही. बीडच्या प्राध्यापकांनी त्याला तेवढेच विचारले आणि त्यांचा नंबर ब्लॉक झाला. सप्टेंबरमध्ये विवरणपत्र भरताना माझ्या कर सल्लागारांनी विचारले, "टीसीएसचे 25,800 कुठे आहेत?" त्याच संध्याकाळपासून आयोजकाचा फोन बंद लागू लागला. आठवडाभराने आमचे दोन्ही पासपोर्ट कुरिअरने घरी आले, एकाही पानावर व्हिसा नसलेले, जसे दिले होते तसे कोरे. युरोपातील बहुतेक देशांच्या सामाईक शेंगेन व्हिसासाठी बोटांचे ठसे स्वतः जाऊन द्यावे लागतात. आधीच्या 59 महिन्यांत ठसे दिलेले नसतील, तर तुमच्या गैरहजेरीत कोणीही तो व्हिसा काढून देऊ शकत नाही. ग्रुपसाठी वेगळी सोय आहे, असे जो सांगतो त्याच्या हाती पासपोर्ट देऊ नये.

आता कार्यालयांविषयी. आमच्या गावच्या ठाण्यातील अधिकाऱ्यांनी पाच मिनिटे ऐकून घेतले आणि व्यवहार दिवाणी स्वरूपाचा आहे, असा निकाल दिला. करार आहे, पावत्या आहेत, सहल रद्द झाली, परतावा मिळाला नाही, मग दिवाणी न्यायालयात जा. खोटे कार्नेट पुढे ठेवले तर ते म्हणाले की हे खोटे आहे हे आधी सिद्ध करून आणा. म्हणजे तपास मी करायचा आणि त्यांनी काय करायचे, हे त्यांनी सांगितले नाही. वर एक वाक्य त्यांनी उगाचच जोडले: "पासपोर्ट तर परत मिळाले ना?" बैठक ज्या शहरात झाली तिथल्या ठाण्याने सांगितले की पैसे तुमच्या गावच्या शाखेतून गेले, तिथेच तक्रार द्या. तिसऱ्या ठिकाणी सांगितले की खाते पुण्याचे आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार हद्दीचा विचार न करता दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यायची असते, हे मी छापील कागदासह दाखवले, तेव्हा समोरच्या हवालदारांनी कागद उलटा करून मागे काही छापले आहे का, ते पाहिले. प्राथमिक चौकशी करायची असली तरी तीही 14 दिवसांत करायची आहे. माझ्या अर्जावर 14 दिवसांत आवक क्रमांकही पडला नव्हता. त्याच महिन्यात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, नद्यांना पूर आला, आणि सगळे कर्मचारी बंदोबस्तात आहेत, हे उत्तर मला मान्यच करावे लागले, कारण माझ्याच ग्राहकांची सोयाबीन पाण्याखाली होती. पण पूर ओसरला आणि दिवाळी झाली तरी तेच उत्तर येत राहिले.

1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार घेतली गेली, हे कबूल करतो. पण ती व्यवस्था पैसे जाताच काही तासांत फोन केला तर खाते गोठवण्यासाठी आहे. काही महिन्यांपूर्वी स्वतःच्या सहीने केलेल्या आरटीजीएसला तिथे फारसा अर्थ राहत नाही. बँकेने ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याची माहिती गोपनीय असल्याचे सांगितले. माझे पैसे गेले तेव्हा गोपनीयता नव्हती, आता मात्र आहे.

हवालदार हद्दीचे कारण सांगून परत पाठवत असतील तर अर्ज पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवावा आणि पोच जपावी. तिथेही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. ग्राहक आयोगात मात्र दुसऱ्या शहरात जावे लागत नाही. 2019 च्या कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि 5 ते 10 लाखांच्या व्यवहाराला शुल्क 200 रुपये आहे. करारात कोणत्या शहराचे न्यायक्षेत्र लिहिले आहे, हे पाहून घाबरू नये. मी त्या एका ओळीपायी दोन महिने घालवले. आयोगाची पहिली नोटीस पत्त्यावर कोणी नसल्याच्या शेऱ्यासह परत आली आहे आणि आता ती शेती अवजारांच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवण्याचा अर्ज आम्ही दिला आहे.

माझ्या फाइलमध्ये एकच कागद खरा आहे, तो म्हणजे परिवहन कार्यालयात 1,000 रुपये भरून मी स्वतः काढलेला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना. त्याची मुदत एक वर्षाची असते.

ज्यांनी जानेवारी 2025 नंतर संभाजीनगर किंवा लातूरच्या बैठकीत नोंदणीचे 51,000 भरले असतील, त्यांनी आपल्या कार्नेटच्या छायाचित्रातील रंगाचा रकाना आधी पाहावा, 26एएस काढून त्यात टीसीएस आहे का ते तपासावे, आणि धनादेशाची स्थळप्रत, आरटीजीएसचे यूटीआर (व्यवहार) क्रमांक व मोबाइलवरील संभाषण न पुसता आपापल्या जिल्ह्यात लेखी अर्ज द्यावा. डॉक्टर दांपत्याने अजून तक्रार केलेली नाही. गावात बोभाटा नको, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांचे 12,00,000 च्या वर गेले आहेत.