बिग बेअरचा गरुड-कॅमेरा: दोन लहान मुलांसोबत अख्खा हंगाम पाहिल्यावर

मुलांना बाल्ड ईगल, म्हणजे पांढऱ्या डोक्याचा अमेरिकन गरुड, शिकवायचा म्हणून आम्ही आधी चित्रांची कार्डं आणली होती. ती आता कपाटात पडून आहेत. खरं शिकवलं ते दक्षिण कॅलिफोर्नियात बिग बेअर तलावाजवळच्या एका उंच पाइनवर बसवलेल्या लाइव्ह कॅमेऱ्याने. फ्रेंड्स ऑफ बिग बेअर व्हॅली ही संस्था तो चालवते. यूट्यूबवर चोवीस तास दिसतो, पैसे पडत नाहीत. २०२५ च्या जानेवारीत तिथल्या जॅकी या मादीने तीन अंडी घातली, तेव्हापासून जूनमध्ये पिल्लं उडेपर्यंत आमच्या घरी तो चालू होता. मुलगा सहा वर्षांचा, मुलगी चार.

आधीच सांगते, बराच वेळ यात काहीही घडत नाही. अंडी उबायला साधारण पाच आठवडे लागतात आणि तेवढे दिवस एक पक्षी नुसता बसलेला दिसतो. कार्टूनला सरावलेली मुलं कंटाळतात. आम्ही सकाळी दूध पिताना पाच-दहा मिनिटंच लावायचो, आणि तेवढ्यातच प्रश्न सुरू झाले. थोराड दिसतो तो बाबा, असं दोघांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. प्रत्यक्षात मोठी ती जॅकी. या पक्ष्यांत मादीच आकाराने मोठी असते. शॅडो, म्हणजे नर, अंड्यांवर बसायला आला की मुलगी दर वेळी खूश. आवाजानेही मुलं चक्रावली. सिनेमातल्या गरुडाची ती करारी किंकाळी बहुधा लाल शेपटीच्या ससाण्याची असते. हे दोघं बारीक आवाजात किलबिलतात.

मार्चच्या सुरुवातीला तिन्ही पिल्लं बाहेर आली. त्यानंतर आठवड्याभरातच बर्फाचं वादळ आलं आणि दोनच उरली. पालकांनी हे वाचूनच कॅमेरा लावावा. इथे कोणी काही कापून दाखवत नाही. २०२४ मध्ये याच जोडीच्या तीनपैकी एकही अंडं उबलं नव्हतं. आम्ही वादळानंतरचा भाग आधी स्वतः पाहिला, मग मुलांना सरळ सांगितलं की एक पिल्लू मेलं. मुलगा दोन दिवस तेच विचारत होता. मुलीचा प्रश्न वेगळाच: मग त्याच्या वाटणीचा मासा कोण खाणार? पाच वर्षांखालच्या मुलांना एकटं स्क्रीनसमोर सोडू नका, एवढं मात्र ठामपणे सांगेन. मोठं पिल्लू धाकट्याला टोचतं तेही मुलांना फार लागतं.

उरलेल्या दोघांची नावं सनी आणि गिझ्मो. ती तिथल्याच शाळकरी मुलांच्या मतदानातून ठरली, याचं आमच्याकडे भारी कौतुक झालं. पिल्लं भराभर वाढली, पण डोकी काळपट तपकिरीच. 'ही यांची नाहीतच,' असं मुलाचं म्हणणं. डोकं आणि शेपटी पांढरी व्हायला चार-पाच वर्षं लागतात हे त्याला पटेना. मोठ्या गरुडाचे पसरलेले पंख केवढे, हे दाखवायला जमिनीवर दोन मीटरची चिकटपट्टी लावली आणि दोघं तिच्यावर आडवी झाली. 'मग मला उचलून नेईल?' याचं उत्तर 'नाही' असंच. दोन किलोच्या वर ओझं घेऊन उडणं गरुडाला जड जातं.

डीडीटी या कीटकनाशकाने अंड्यांची कवचं पातळ होऊन हे पक्षी कसे संपत आले, त्यावरची अमेरिकेतली १९७२ ची बंदी, २००७ मध्ये धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून बाहेर पडणं, हे सगळं मुलांना कॅमेरा सांगत नाही. ते आपल्यालाच सांगावं लागतं, आणि सहा वर्षांच्या मुलाला 'औषध फवारलं, ते माशात गेलं, माशातून गरुडात' इतकं पुरतं.

कटकट दोनच: मध्येच येणाऱ्या जाहिराती, आणि शेजारी धावणारं चॅट. पूर्ण स्क्रीन करा, चॅट दिसत नाही. भारतातल्या भाचरांसाठी वेळ सोयीची आहे: बिग बेअरला सकाळ होते तेव्हा पुण्यात रात्रीच्या जेवणाची वेळ. दिवसा लावलात तर रात्रीचं इन्फ्रारेड चित्र दिसेल, म्हणजे डोकं पंखात खुपसून झोपलेला करडा गोळा.