रखडलेला शेअर आणि स्क्रीनर डॉट इन

शेअर वर्षानुवर्षं जागचा हलेना की लोक ब्रोकरचं अ‍ॅप दिवसातून दहादा उघडतात. तिथे दिसतो फक्त भाव, आणि थांबावं की विकावं ते भावावरून कळत नाही. त्यासाठी स्क्रीनर डॉट इन ही कंपन्यांचे आर्थिक आकडे दाखवणारी वेबसाइट बरी. फुकट खात्यात दहाएक वर्षांचे आकडे एकाच पानावर मिळतात. एवढ्या कामाला पैसे भरायची गरज नाही.

उदाहरण म्हणून आयटीसी ही सिगारेट विकणारी कंपनी घेऊ. जुलै 2017 मध्ये सिगारेटवरचा जीएसटी सेस (करावरचा जादा कर) वाढला आणि शेअर एका दिवसात 12 टक्क्यांच्या आसपास आपटला. त्याआधी साडेतीनशेच्या घरात असलेला भाव मार्च 2020 मध्ये दीडशेच्या आसपास आला. स्क्रीनरवर ‘प्रॉफिट अँड लॉस’ उघडा: याच काळात निव्वळ नफा सुमारे 10,500 कोटींवरून 15,500 कोटींवर गेलेला दिसतो. म्हणजे धंदा दीडपट, भाव अर्धा. पण लगेच खूश होऊ नका, त्याच तक्त्यातली ‘टॅक्स %’ची ओळ वाचा. 35 टक्क्यांचा कर 22 वर आलाय. करपूर्व नफ्याची वाढ जेमतेम 25 टक्के; निव्वळ नफ्याची उरलेली वाढ 2019 च्या कंपनी करकपातीची. धीर धरायला कारण होतं, पण वरवर दिसतं तेवढं मोठं नव्हतं.

आता साइटच्या खोड्या. ‘स्टॉक प्राइस सीएजीआर’मध्ये, म्हणजे भावाच्या सरासरी वार्षिक वाढीत, लाभांश धरलेला नसतो. आयटीसीसारख्या शेअरमध्ये ही चूक महागात पडते: 2020-21 चा लाभांश शेअरमागे 10.75 रुपये होता, म्हणजे दोनशेच्या भावाला पाच टक्क्यांहून जास्त. तो परताव्यात आपणच जोडावा लागतो.

दुसरी खोडी एकवेळच्या नफ्याची. 2024-25 मध्ये निव्वळ नफा एकदम 35,000 कोटींवर उडालेला दिसतो, कारण हॉटेल व्यवसाय वेगळा केल्याचा सुमारे 15,000 कोटींचा हिशेबी नफा त्यात आहे. हातात एक पैसा आलेला नाही. त्यामुळे ‘डिव्हिडंड पेआउट’, म्हणजे नफ्यातला लाभांशाचा वाटा, 84 वरून 52 टक्क्यांवर घसरलेला दिसतो, आणि लाभांश मात्र 13.75 वरून 14.35 रुपये झालाय! त्या वर्षाचा आकडा बाजूला ठेवूनच वाढ मोजा.

भागधारणेच्या तक्त्यात आयटीसीला प्रवर्तक (कंपनीवर ताबा असलेला मुख्य मालक) नाही. ब्रिटिश अमेरिकन टोबॅको या परदेशी सिगारेट कंपनीचा हिस्सा ‘एफआयआय’मध्ये, म्हणजे परदेशी गुंतवणूकदार संस्थांमध्येच मोजला जातो. मार्च 2024 ला त्या कंपनीने आयटीसीचे साडेतीन टक्के शेअर विकले, तेव्हा ती ओळ घसरली. ‘परदेशी फंड पळाले’ असा अर्थ काढणं चूक.

सिगारेट, इतर एफएमसीजी (रोजच्या वापराच्या वस्तू), शेती, कागद यांचा वेगवेगळा नफा मुख्य तक्त्यात नाही. तो हवा तर खाली ‘डॉक्युमेंट्स’मध्ये जाऊन तिमाही निकालाची पीडीएफ उघडा आणि सेगमेंटचा (व्यवसायवार) तक्ता शोधा. आयटीसीत खरी गोम तिथेच असते. ‘प्रोज’ आणि ‘कॉन्स’ (जमेच्या आणि उणे बाजू) हे चौकोन यंत्राने भरलेले असतात, त्यांच्यावर खरेदी-विक्री ठरवू नका.

शेअर वॉचलिस्टमध्ये टाकून ईमेल सूचना लावा आणि पान निकालांपुरतं, वर्षातून चारदा उघडा.