रोज पुसल्या जाणाऱ्या डेस्कटॉपवरचा डिफेंडर

लॉगआउट होताच व्हर्च्युअल डेस्कटॉप (सर्व्हरवर चालणारा, नेटवर्कवरून वापरायचा डेस्कटॉप) पुसला जातो आणि सकाळी मूळ इमेजवरून नवा उभा राहतो, मग अँटिव्हायरस हवाच कशाला, हा प्रश्न आमच्याही कार्यालयात विचारला गेला होता. डेस्कटॉप पुसला तरी एफएसलॉजिक्स या मायक्रोसॉफ्टच्या साधनाच्या कंटेनरमधले (वेगळ्या ठेवलेल्या डिस्क-फाइलीतले) वापरकर्त्याचे प्रोफाइल, म्हणजे त्याच्या फाइली व सेटिंग्ज, टिकून राहते आणि त्यात दडलेला मालवेअर त्याच्यासोबत नव्या डेस्कटॉपवर हजर होतो. शिवाय सामायिक ड्राइव्हवरच्या फाइलींना कुलूप घालायला रॅन्समवेअरला एक सत्रही पुरते.

विंडोजसोबतच येणारा मायक्रोसॉफ्ट डिफेंडर हा अँटिव्हायरस या कामी चांगला आहे, परंतु आहे तसा सोडला तर नव्हे. सकाळी सगळे एकदम लॉगिन करतात, प्रत्येक डेस्कटॉप व्हायरसची ताजी माहिती स्वतंत्रपणे उतरवून उलगडू लागतो आणि हे सगळे डेस्कटॉप चालवणाऱ्या सर्व्हरचा, म्हणजे होस्टचा, प्रोसेसर व डिस्क धापा टाकू लागतात. यावरचा उपाय विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून उपलब्ध आहे: ही माहिती एकाच यंत्रावर उलगडून सामायिक फोल्डरमध्ये ठेवायची आणि सर्व डेस्कटॉपनी ती तिथून आयती घ्यायची. ही एक सोय नीट लावली तरी सकाळची रखडपट्टी बरीच कमी होते. सोबत नियोजित स्कॅनच्या वेळा विखुरलेल्या ठेवाव्यात.

खरी काळजी अपवादांच्या यादीत घ्यावी लागते. प्रोफाइलच्या व्हीएचडीएक्स फाइली, म्हणजे ज्यात ते साठते ते कंटेनर, स्कॅनमधून वगळण्याची शिफारस मायक्रोसॉफ्टच करते, आणि ती रास्त आहे. मात्र घाईत काही जण वापरकर्त्याचे संपूर्ण प्रोफाइल फोल्डरच वगळून टाकतात. पेटी वगळायची असते, पेटीतला माल नव्हे. कंटेनर जोडला गेल्यावर आतल्या फाइली तपासल्या गेल्याच पाहिजेत.

प्रवेशद्वाराची राखण मात्र डिफेंडरकडून अपेक्षू नये. २०२३ मधल्या सिट्रिक्स ब्लीड या सुरक्षा-त्रुटीचा फायदा घेऊन हल्लेखोरांनी नेटस्केलर गेटवेतून (बाहेरून डेस्कटॉपवर येण्याच्या सिट्रिक्सच्या प्रवेशद्वारातून) सत्रांचे टोकन, म्हणजे लॉगिन झाल्याची ओळखखूण, चोरले होते, आणि पॅच बसवल्यावरही चालू सत्रे तोडल्याशिवाय ते टोकन निकामी होत नव्हते. गेटवेची देखभाल हे वेगळेच काम आहे.

सर्व डेस्कटॉपवरचे इशारे एकत्र पाहून तपास करायचा असेल तर डिफेंडर फॉर एंडपॉइंटचा स्वतंत्र परवाना लागतो. त्याची नोंदणी मूळ इमेजवर करू नये. नोंदणीची स्क्रिप्ट इमेजमध्ये नुसती ठेवून प्रत्येक नव्या डेस्कटॉपच्या पहिल्या स्टार्टअपला चालवावी.