पुढच्या तारखेचा चेक की सकारलेली हुंडी?

साठ-नव्वद दिवसांच्या उधारीवर माल देताना पार्टीकडून पुढच्या तारखेचा चेक घ्यावा, की तिच्यावर मुदतीची हुंडी (ठरलेल्या दिवशी पैसे द्या, असा लेखी हुकूम) काढून ती सकारून घ्यावी, म्हणजे तिच्यावर पार्टीची मान्यतेची सही घ्यावी, असे सुताच्या व्यापारात नव्याने उतरणारे अनेकदा विचारतात. दोन्ही कागद 1881च्या एकाच कायद्याखाली, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टखाली, येतात; पुढची कलमे त्यातलीच. पैसे देण्याचा हुकूम कोणाला केलेला आहे, एवढ्यावरच सारा फरक पडतो.

चेकमधला हुकूम बँकेला असतो आणि बँक तुमचे काहीही लागत नाही. खात्यात पुरेशी शिल्लक असूनही तिने चेक विनाकारण परत केला, तरी कलम 31 प्रमाणे ती भरपाई द्यायला बांधील असते ती चेक लिहिणाऱ्याला, चेक घेऊन बसलेल्याला नव्हे. हुंडीतला हुकूम थेट पार्टीला असतो. सही करण्यापूर्वी तीही मोकळीच असते आणि विचार करायला कायदा तिला सुट्ट्या वगळून 48 तास देतो. मात्र एकदा हुंडी सकारली, की मुदतीला रक्कम चुकती करण्याची जबाबदारी कलम 32 प्रमाणे तिच्यावर येते.

चेकच्या बाजूने कलम 138 आहे, हे मान्यच केले पाहिजे. शिल्लक नसल्याने चेक परत आल्यास 30 दिवसांत नोटीस द्यावी आणि 15 दिवसांत पैसे आले नाहीत तर फौजदारी तक्रार करावी, ही सोय नुसत्या हुंडीला नाही. शिवाय हुंडीच्या मुद्रांकाची चौकशी करावी लागते, ती वेगळीच.

तरीही माझे मन चेकवरून उडाले ते एका फोनमुळे. तारीख आली की सकाळीच पार्टी म्हणते, "शेठ, आज चेक टाकू नका, सोमवारी टाका." सोमवारचा पुढे बुधवार होतो. टाकावा तर संबंध बिघडतात आणि परतीचा खर्च आपल्याही खात्याला लागतो. न टाकावा तर चेक वटवण्याची तारखेपासूनची तीन महिन्यांची मुदत सरत राहते. पैसे द्यायचे तिने आणि संकोच बाळगायचा आपण, हे मला कधीच पटले नाही.

बँकेमार्फत पाठवलेल्या हुंडीत हा फोन येऊन फारसा उपयोग होत नाही, कारण कागद माझ्या गल्ल्यात नसतोच. मुदत आणि कायद्याने त्यापुढे दिलेले सवलतीचे तीन दिवस संपले की बँक तो पार्टीपुढे ठेवते आणि नकार द्यायचाच तर तो बँकेच्या माणसाला द्यावा लागतो. माझ्या अनुभवात अशा वेळी पैशांची सोय बहुधा होते. इतरांचा अनुभव निराळा असू शकेल.

जुन्या, खात्रीच्या गिऱ्हाइकाकडून लहान रकमेसाठी मी आजही चेकच घेतो. पार्टी नवी असेल, तर मात्र हुंडीसोबत बिल्टीही (ट्रान्सपोर्टवाल्याने दिलेली मालाची पावती) बँकेतूनच पाठवावी: सही केल्याशिवाय बिल्टी मिळत नाही आणि बिल्टी दाखवल्याशिवाय ट्रान्सपोर्टवाला गाठी सोडत नाही.