नवा लॅपटॉप, लिनक्स मिंट आणि कोर्टाची भाषांतरे : सात महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात दाखल होणाऱ्या प्रकरणांसाठी मराठी कागदपत्रांची इंग्रजी भाषांतरे करणे हा माझा व्यवसाय आहे. उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते आणि तहसीलपासून सत्र न्यायालयापर्यंतचे बहुतेक कागद मराठीत असतात, त्यामुळे सातबारे, फेरफार, खरेदीखते आणि पंचनामे यांची चळत माझ्या टेबलावर कायम असते. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चे नियमित सुरक्षा अपडेट बंद झाले. माझ्या जुन्या लॅपटॉपमधला सातव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर विंडोज 11 च्या अटींत बसत नव्हता, म्हणून नोव्हेंबरमध्ये सीताबर्डीवरून नवा लॅपटॉप घेतला. एका दुकानात डॉसवाला, म्हणजे विंडोज नसलेला, लॅपटॉप स्वस्तात देऊन वर ‘विंडोज आम्ही टाकून देतो’ असे सांगण्यात आले. ज्या यंत्रात पक्षकारांच्या जमिनीचे आणि घरगुती तंट्यांचे कागद राहणार आहेत, त्यात कोठून आले ते माहीत नसलेले विंडोज घालणे मला मान्य नव्हते. मूळ परवान्याचे विंडोज 11 असलेलाच लॅपटॉप घेतला आणि त्याच्या शेजारी लिनक्स मिंट 22 ही मोफत संगणक प्रणाली बसवली. ही आवृत्ती उबुंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीच्या 24.04 आवृत्तीवर आधारलेली असून तिला 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत. वर्षभर चालणाऱ्या प्रकरणाच्या मध्यावर प्रणाली बदलावी लागू नये, हा माझा पहिला निकष होता.

डिस्कला हात लावण्यापूर्वी आठवडाभर मी मिंट पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहिले. घाई असलेल्यांनीही ही पायरी गाळू नये. त्या आठवड्यात रोजच्या कामातले खरे कागद उघडले : एका फेरफाराचे अंधुक स्कॅन, वकिलांकडून आलेली साठ पानी वर्ड फाइल आणि माझा जुना लेझर प्रिंटर. तिन्ही गोष्टी जमल्या. बोटाच्या ठशाने उघडण्याची सोय मात्र या लॅपटॉपवर मिंटमध्ये चालत नाही; तिच्यावाचून माझे अडत नाही. डिजिटल सहीचे टोकन, म्हणजे सही करण्यासाठी यूएसबीला लावायचे छोटे उपकरण, तपासायचे तेवढे राहून गेले. त्याविषयी पुढे सांगते.

बसवण्याच्या दिवशी सर्वांत आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क कूटबद्ध करणाऱ्या सोयीची) 48 अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घेतली. नव्या लॅपटॉपवर अनेकदा डिस्क आधीच कूटबद्ध असते, आणि बूटच्या सेटिंगमध्ये बदल होताच विंडोज ती की मागू शकते. नंतर विंडोजमधूनच त्याचा डिस्कवरचा विभाग लहान केला, फास्ट स्टार्टअप (लॅपटॉप बंद केल्यावरही विंडोज अर्धवट जागे ठेवणारी सोय) बंद केले आणि 512 जीबीपैकी 120 जीबी विंडोजसाठी ठेवून उरलेली जागा मिंटला दिली. प्रत्यक्ष बसवायला अर्धा तासही लागला नाही.

मराठी टंकलेखनाचा अनुभव जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या कामात सारे त्यावरच अवलंबून आहे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्टची मांडणी आधीपासून असते; ती जोडून मराठी-इंग्रजी बदलाची कळ मी कॅप्स लॉकवर बसवली. ‘शेतकऱ्याचे’ हा शब्द दिवसातून पन्नास वेळा लिहावा लागतो. त्यातला ‘ऱ्य’ शिफ्टसह र ची कळ, मग हलन्त, मग य अशा क्रमाने विनासायास उमटतो. याहून मोठे समाधान ‘ल’ आणि ‘श’ यांनी दिले. देवनागरी फॉन्टमध्ये ही दोन अक्षरे पुष्कळदा हिंदी वळणाची दिसतात. मात्र लोहित देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये मराठी वळणही दिलेले असते, आणि लिब्रेऑफिस या लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी ठरवली की तेच वळण पडद्यावर येते. मी सातबाऱ्यातला ‘लागवडीलायक’ हा शब्द निवडून भाषा हिंदीवरून मराठी केली, तेव्हा त्यातले दोन्ही ‘ल’ डोळ्यांदेखत बदलले. इतकी वर्षे हा फरक फॉन्टच्या माथी मारून मी गप्प बसले होते.

वर्ड फाइलींच्या बाबतीत इंग्रजी आणि मराठी असा भेद करावा लागतो. टाइम्स न्यू रोमनच्या जागी येणारा लिबरेशन सेरिफ हा फॉन्ट अक्षरांच्या रुंदीत तंतोतंत जुळणारा आहे, त्यामुळे इंग्रजी मजकुराच्या ओळी क्वचितच सरकतात. मराठी मजकूर विंडोजच्या मंगल किंवा निर्मला फॉन्टमध्ये असेल, तर दुसऱ्या फॉन्टमध्ये ओळींची उंची बदलते आणि पाने पुढेमागे होतात. भाषांतरात ‘मूळ पान 14’ असा उल्लेख असेल, तर ही गोष्ट क्षुल्लक राहत नाही. आता मी मराठीसाठी मुक्त परवान्याचा मुक्ता हा फॉन्ट वापरते आणि अंतिम प्रत पीडीएफमध्येच देते. स्कॅनमधून मजकूर काढण्यासाठी टेसरॅक्ट या प्रोग्रॅमची मराठी डेटा फाइल घातली आहे. छापील खरेदीखतावर ती उपयोगी पडते. तलाठ्यांच्या हस्ताक्षरापुढे तिचा काही उपयोग नाही, तिथे आपलेच डोळे लागतात.

आता सहीच्या टोकनाविषयी. टोकन लावले की मिंटला यूएसबी उपकरण दिसते, पण सही करण्यासाठी दिलेला प्रोग्रॅम केवळ विंडोजसाठी आहे. पुरवठादाराकडे दोन वेळा विचारणा केली आणि दोन्ही वेळा विंडोज वापरा एवढेच उत्तर मिळाले. म्हणून आठवड्यातून दोन-तीन वेळा सहीपुरते विंडोज उघडावे लागते. त्यातून जानेवारीत एक घोटाळा झाला. सकाळी 11 वाजून 17 मिनिटांनी सही केलेल्या पीडीएफवर 5 वाजून 47 मिनिटे ही वेळ उमटली आणि ज्युनियर वकिलांचा लगेच फोन आला, ‘मॅडम, ही पहाटेची सही कशी काय?’ कारण सरळ होते. मिंट लॅपटॉपच्या आतल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते, विंडोज तीच वेळ स्थानिक समजते, आणि भारतात हा फरक बरोबर साडेपाच तासांचा पडतो. मिंटच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल या आज्ञेने घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवल्यापासून ही अडचण पुन्हा आलेली नाही. ज्या कागदावर वेळेला पुराव्याचे मोल आहे, त्यावर असे घडणे मला फार लागले. दोन्ही प्रणाली एकत्र ठेवणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी ही व्यवस्था करावी.

उन्हाळ्याने आणखी एक दोष दाखवला. झाकण मिटले की लॅपटॉप झोपतो, पण आजच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये ही झोप उथळ असते आणि आतले काही भाग जागेच राहतात. मे महिन्यात सिव्हिल लाइन्सहून मनीषनगरला दुचाकीने घरी पोहोचले, तेव्हा बॅगेतला लॅपटॉप हाताला चटका बसावा इतका तापला होता आणि बॅटरी 88 टक्क्यांवरून 61 वर आली होती. तेव्हापासून कोर्टातून निघताना मी तो पूर्ण बंद करते. घरी दिवसभर चार्जर लावलेला असतो, म्हणून चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवण्याची मर्यादा घातली आहे; लिथियमची बॅटरी पूर्ण भरलेली आणि तापलेली राहिली तर तिची क्षमता लवकर घटते, आणि नागपुरात तापण्याला काही कमी नाही.

सात महिन्यांत मिंटमुळे कोणतेही काम मुदतीबाहेर गेले नाही. मार्चमध्ये एका अपडेटनंतर आवाज बंद पडला होता; बूटच्या यादीतून आधीचा कर्नल (प्रणालीचा गाभा) निवडताच तो परत आला, आणि पुढच्या अपडेटने ती अडचणही मिटली. टोकनाची मुदत येत्या डिसेंबरात संपते. नवे घेताना लिनक्सवर चालणारा सहीचा प्रोग्रॅम देणारा पुरवठादार मी शोधणार आहे, आणि या वेळी पैसे देण्यापूर्वी टोकन माझ्याच लॅपटॉपला लावून एक कागद सही करून पाहणार आहे.