फ्रंटोसाची पिल्ले चोख, टाकीचा सल्ला मात्र चुकीचा

चार वर्षांपूर्वी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या एका दुकानातून मी फ्रंटोसाची सहा पिल्ले घेतली. आफ्रिकेतील टांगानिका सरोवराचा हा मासा, म्हणून दर इतर सिक्लिडपेक्षा (फ्रंटोसा ज्या कुळातला, त्या कुळातील माशांपेक्षा) बराच चढा होता. परंतु पिल्लांच्या अंगावरचे काळे पट्टे स्वच्छ होते, कल्ल्यांची हालचाल संथ होती आणि मागितल्याबरोबर दुकानदाराने त्यांना माझ्यासमोर खाऊ घालून दाखवले. सहाही पिल्ले आजवर टिकली आहेत, तेव्हा मालाबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती सल्ल्याची. "तीन फुटांची टाकी पुष्कळ झाली," असे त्यांनी ठामपणे सांगितले आणि मीही विश्वास ठेवला. फ्रंटोसाचा नर फूटभर लांब होतो आणि हा मासा कळपाने राहतो, याचा उल्लेखही झाला नाही. वर्षभरातच नव्या टाकीचा खर्च अंगावर आला. आता पाच फूट लांब आणि दोन-दोन फूट रुंद व उंच अशी टाकी आहे. त्यात साडेपाचशे लिटरांहून अधिक पाणी, म्हणजे निव्वळ पाण्याचेच अर्ध्या टनाहून जास्त वजन, त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरच्या घरात ती तुळईच्या भिंतीलगत ठेवण्यापूर्वी इंजिनिअरला विचारावे लागले.

पाण्याबाबतही तेच. टांगानिकाचे पाणी जड (म्हणजे क्षारांचे) आणि अल्कधर्मी, पीएच साधारण साडेआठ ते नऊ; आपल्या नळाला येणारे तानसा-भातसाचे पाणी पावसाचे, म्हणून मऊ. दुकानदाराने फक्त क्लोरीन घालवणारी बाटली हाती ठेवली. पाणी जड आणि अल्कधर्मी करण्यासाठी फिल्टरमध्ये पोवळ्यांचा चुरा घालायचा, हे मला स्वतः शोधून काढावे लागले. एप्रिल-मे महिन्यांत पाणी तीस अंशांपलीकडे जाते, तेव्हा टाकीवर पंखे लावल्याशिवाय गत्यंतर नसते, कारण या माशांना चोवीस ते सव्वीस अंश मानवते.

गेल्या पावसाळ्यात एका मादीने अंडी उबवण्यासाठी तोंडात घेतली. खाद्याचा दाणा अगदी तोंडापुढून जात असतानाही ती जबडा मिटूनच राही आणि मधूनच अंडी घोळवल्यासारखी हनुवटी हलवी. चौथ्या आठवड्यात तिने तोंड किंचित उघडले, तेव्हा आत पिल्लांचे काळे डोळे दिसले. त्या काळात टाकीत हात घालू नये. घाबरलेली मादी पिल्ले थुंकून टाकते किंवा गिळते. (घरच्यांना हे पटवणे हे वेगळेच काम.)

पाचव्या आठवड्यात एकोणीस पिल्ले बाहेर पडली. त्याच दुकानाने ती घेण्याची तयारी दाखवली, मात्र रोख पैशांऐवजी खाद्याचे डबे देऊ केले. मी तूर्त पिल्ले वाढवतो आहे.